दोन मुसळांचा ताल

रत्नागिरी,
८ नोव्हेंबर २०२४

प्रिय वेदिका,

धुम-धक, धुम-धक. अर्धं शतक उलटून गेलं तरी हा आवाज माझ्या कानातून जात नाही. देवरूखच्या पुढच्या एका वाडीत मी मालनला बघायला गेलो होतो. पाणंदीत एका पायावर उभा राहून काटा काढत होतो, तेवढ्यात परसातून हा आवाज आला. जमिनीत पुरलेलं दगडी उखळ, आम्ही त्याला व्हायन म्हणतो, त्यात दोघी बहिणी दोन मुसळांनी भात कांडत होत्या. एकीचं मुसळ वर जाई तेव्हा दुसरीचं खाली येई. आमचे गुरुजी बाकावर छडी आपटून वृत्त शिकवायचे, तसा पक्का ताल. मी मनातल्या मनात त्या तालावर चौथीतली कविता म्हणून घेतली आणि मुलगी बघायच्या आधीच होकार देऊन टाकला. पुढे कळलं, धुम ही थोरली मैनाताई आणि धक ही मालन.

हे सगळं वर आलं ते तुझ्यामुळे. माझ्या चुलतभावाची लेक इतकी शिकते, पुण्याच्या मोठ्या संस्थेत विसरभोळेपणाच्या आजाराचं मूळ शोधते, आणि दिवाळीचा फराळ बाजूला ठेवून आपल्या काकीच्या दंडातून रक्त काढायला येते, याचं मला फार वाटलं. मालनने तुला तीनदा विचारलं, "लग्न झालं का गो तुझं?" पहिल्यांदा तू खरं सांगितलंस, नाही म्हणून. दुसऱ्यांदा झालं म्हणालीस. तिसऱ्यांदा म्हणालीस, ठरतंय. तिला तिसरं सगळ्यांत आवडलं.

तू गेल्यावर तिने मला चहा करून दिला आणि म्हणाली, "बसा ना. आमचे हे येतीलच एवढ्यात." मी बसलो. माझीच वाट बघत आम्ही दोघांनी चहा प्यायला. चहा छान झाला होता.

जाताना तू म्हणालीस, काकींची सख्खी बहीण असेल तर तिचंही रक्त हवं. मी मान हलवली खरी, पण मैनाताई सहा वर्षांत आमच्याकडे फिरकलेली नाही. काय बिनसलं ते मालनला सांगता येत नाही आणि मैनाताई सांगत नाही. मालन मात्र अजून रोज दिवेलागणीला विचारते, "ताई आली का?"

ते प्रथिनांच्या घड्यांचं तू जे सांगितलंस ते माझ्या डोक्यावरून गेलं. सावकाश लिहून कळव. फोनवर मला काही कळत नाही, कागदावर कळतं.

हरिकाकाचे आशीर्वाद

*

पुणे,
२० नोव्हेंबर २०२४

हरिकाका,

तुमचं पत्र संस्थेच्या पत्त्यावर आलं आणि आमच्या प्रयोगशाळेतली सगळी मंडळी ते पाकीट बघायला जमली. हाताने लिहिलेलं पत्र त्यातल्या काहींनी पहिल्यांदाच पाहिलं.

सावकाश सांगते. आपल्या सगळ्यांच्या मेंदूत प्रथिनाचे बारीक तुकडे तयार होतात आणि धुऊन जातात. एकेक तुकडा म्हणजे दोरा समजा. त्याची ठरावीक घडी पडावी लागते. एखाद्याची घडी चुकते. तो शेजारच्याला चिकटतो आणि त्यालाही तशीच चुकीची घडी घालायला लावतो. असं करत गाठी वाढतात. मग पेशींच्या आत ज्या प्रथिनाने आधार धरलेला असतो तेही सुटतं, आणि पेशी मरू लागतात. पहिली घडी का चुकते हे अजून कुणालाच पक्कं माहीत नाही. मलाही नाही.

माझा प्रश्न वेगळा आहे. काही माणसांच्या मेंदूत अशा गाठी असूनही ती नव्वदीपर्यंत खणखणीत असतात. त्यांच्यात ही चुकीची घडी कोण सावरतं? दुसऱ्यांच्या घड्या नीट घालून देणारी प्रथिनंही शरीरात असतात. त्यांचा माग मी रक्तात काढते आहे. दोन परक्या माणसांत फरक शेकड्याने सापडतात, त्यातला कामाचा कुठला ते कळत नाही. एका आईच्या दोन मुली, एक आजारी आणि एक ठणठणीत, अशी जोडी मिळाली तर शोधणं सोपं होतं. म्हणून मैनामावशी हव्यात. जानेवारीअखेर नमुने एकत्र तपासायला लावणार आहोत. पण त्यांना आग्रह करू नका.

आणि काका, एक गोष्ट आत्ताच सांगते, नंतर जड जाईल. या कामातून काकींसाठी औषध निघणार नाही. निघालं तर पुढच्या कुणासाठी तरी, तेही कधी ते माहीत नाही. औषधाचं काही न विचारता तुम्ही काकींचं रक्त देऊ दिलंत, म्हणून मी तुमची ऋणी आहे.

वेदिका

*

रत्नागिरी,
२८ नोव्हेंबर २०२४

ती. मैनाताई यांस,

आमच्या अंगणातला प्राजक्त अजून फुलतो आहे. मालन फुलं वेचते आणि कशासाठी वेचली ते विसरून परत झाडाखालीच ठेवते. झाडाला बिचाऱ्याला काय वाटत असेल, आपण दिलेलं कुणीतरी नेमाने परत आणून देतंय.

तुम्हाला कुणाकडून तरी कळलंच असेल, मालनला स्मृती जाण्याचा आजार आहे. तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी नाव सांगितलं. माझी पुतणी वेदिका शास्त्रज्ञ आहे, ती या आजाराच्या मुळाशी जाते आहे. तिला दोघी बहिणींचं रक्त हवं आहे. ताई, तुमच्या रक्तात जे शाबूत राहिलं तेच मालनच्या रक्तात कमी पडलं असावं, असं तिच्या सांगण्यावरून मला वाटतं.

तुम्ही एकदा याल का? रक्ताचं जमलं नाही तर नुसत्या या. ती रोज तुमची वाट बघते.

आपला,
हरिश्चंद्र

*

देवरूख,
१० डिसेंबर २०२४

हरिभाऊ,

पत्र पोचलं. तुमी छान लिहिता, पण मुद्द्यावर यायला तुमाला प्राजक्ताला वळसा घालावा लागतो. मी सरळच लिहिते.

ज्ञानेश्वरीचं, माझ्या नातीचं, राजापूरला ठरतंय. तिथल्या माणसांच्या कानावर गेलं, की आजीच्या माहेरी डोक्याचा आजार हाय आणि आजी रक्त तपासून घेत फिरते, तर पोरीचं काय? म्हणून मला जमणार नाय.

हे कारण अर्धंच. उरलेलं पण लिहिते, नायतर तुमी पुन्हा झाडापासून सुरुवात कराल.

आमच्या ह्यांचं तेरावं होतं. तुमी बाहेर पुरुषमाणसांत होतात. माजघरात बायकांची पंगत बसलेली, समोर ह्यांच्या फोटोला हार घातलेला. मालनने भरल्या पानावरून मान वर केली आणि सगळ्यांदेखत मला विचारलं, "भावोजींना बोटीवरून सुट्टी नाय मिळाली वाटतं? जेवण निवतंय."

हे जन्मभर बोटीवर. वर्षातून एकदा घरी. लग्न झाल्यापासून मालन मला चिडवायची, तुझा नवरा फोटोतला. तेव्हा मीच जास्त हसायची. पण तेराव्याला? बायका माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. एक तर पदर तोंडाला लावून हसली. मालन मात्र भात कालवत होती, जसं काय बोललीच नाय.

ह्यांना जाळून आलेले तेव्हा मी रडले. पण त्या दिवशी जे लागलं ते वेगळं होतं. रक्ताचं नातं मी तिथेच सोडलं. आता रक्त कशाला मागता?

मैना

*

रत्नागिरी,
१६ डिसेंबर २०२४

प्रिय वेदिका,

मैनाताईचं उत्तर आलं. सोबत नक्कल करून पाठवतो. आधी ते वाच, मग माझं.

वाचलंस? आता मला एक सांग. हे २०१८ सालचं. तेव्हा मालन अगदी धडधाकट होती. बाजारहाट करायची, पोथी वाचायची, माझ्या चुका काढायची. डॉक्टरांनी नाव ठेवलं ते त्यानंतर तीन वर्षांनी. तरीसुद्धा त्या दिवशी ती जे बोलली ते आजारातलं असू शकेल का? मी विचारतोय खरा, पण मला हवं ते उत्तर देऊ नकोस. जे असेल ते दे.

एक आठवलं. तेराव्याहून परत येताना एसटीत, पालीच्या आसपास, मालन मला म्हणाली होती, "ताईकडे आज एवढी माणसं कशाला जमली होती हो?" मला वाटलं दुःखाने बोलतेय. मी तिचा हात हातात घेतला.

तुझ्या त्या घड्यांचं कोडं मात्र मला आता सुटलं. आमच्या शाळेत पूर्ण वर्ग मिळून कविता म्हणायचा. एखादा पोरगा ओळ चुकीची म्हणे. शेजारच्याला वाटे, तशीच असेल. मग तो बाक चुके, मग मागचा बाक. गुरुजी वर्गात असले तर पहिल्या चुकीलाच छडी वाजे आणि ओळ सरळ होई. गुरुजी चहा प्यायला गेलेले असले, की ते येईपर्यंत चुकीचीच कविता पाठ झालेली असायची. मैनाताईच्या डोक्यात गुरुजी वर्गात आहेत. मालनच्या डोक्यातले बाहेर गेले. तू त्या गुरुजींना शोधते आहेस. बरोबर ना?

हरिकाका

*

पुणे,
२६ डिसेंबर २०२४

हरिकाका,

बरोबर. इतकं बरोबर, की मागच्या आठवड्यात एका सभेत मी माझं काम तुमच्याच वर्गातून सांगितलं. वर्षभर माझे प्रयोग बसत नव्हते. हा विषय सोडावा का, असं मनात येऊन गेलं होतं. भाषण संपल्यावर एक ज्येष्ठ प्राध्यापक म्हणाले, "तुमचे गुरुजी एकच आहेत कशावरून? वर्गात मॉनिटरही असतो." त्या एका वाक्यावर मी आता नवीन प्रयोग मांडते आहे. तुमचे आभार कसे मानू ते कळत नाही.

आता तुमचा प्रश्न. हो, असू शकतं. डॉक्टर नाव ठेवतात त्याच्या पंधरा-वीस वर्षं आधीपासून आत गाठी जमायला लागलेल्या असतात. नवीन गोष्ट साठवून ठेवण्याची जागा बहुधा आधी बिघडते, जुनं टिकून राहतं. मावशींचे यजमान सखारामकाका बोटीवर असतात, हे काकींच्या मनात चाळीस वर्षांचं पक्कं. ते गेले, ही तेरा दिवसांची बातमी. ती त्या क्षणी हाताला लागली नसेल. बाकी सगळं नीट चालू असल्यामुळे कुणाला शंकाही आली नाही.

सहा वर्षांपूर्वीचा क्षण मला नळीत घालून तपासता येणार नाही, म्हणून शपथेवर सांगत नाही. पण एसटीतलं वाक्य ऐकल्यावर मला वाटतं, काकी चिडवत नव्हत्या. त्या खरंच वाट बघत होत्या.

लग्नाचं म्हणाल तर मावशींना सांगा, आमच्याकडे नाव राहत नाही, नळीवर आकडा असतो. आणि म्हातारपणी होणारा हा आजार आजीकडून नातीला दागिन्यासारखा मिळत नाही. थोडा धोका वाढतो, एवढंच.

वेदिका

*

रत्नागिरी,
२ जानेवारी २०२५

ती. मैनाताई यांस,

आज झाड नाही, फूल नाही.

वेदिकाचं पत्र जसंच्या तसं सोबत जोडलं आहे. लग्नाबद्दलचं शेवटी आहे, ते ज्ञानेश्वरीलाही दाखवा. मधलं मात्र तुम्ही एकट्या वाचा.

मालनने त्या दिवशी पान वाढून घेतलं आणि भावोजींची वाट बघितली. ते गेले हे तिच्यापाशी पोचलंच नव्हतं. इतकंच मला कळलं, आणि हे तुम्हाला कळवण्याइतकी शुद्ध माझी शाबूत आहे याबद्दल मी देवाचे आभार मानतो.

हरिश्चंद्र

*

देवरूख,
१५ जानेवारी २०२५

हरिभाऊ,

सोबत तीळगूळ हाय. मालनला मऊ लागतो, म्हणून पाक कच्चा ठेवलाय.

पत्र वाचलं. परत वाचलं. मग ज्ञानेश्वरीला मोठ्याने वाचायला लावलं, कारण मला वाटलं मी आपल्या सोयीचं वाचतेय. ती वाट बघत होती हे खरं असेल, तर इतकी वर्षं मी भांडले कुणाशी?

ज्ञानेश्वरी मोठी धीट. तिने राजापूरला स्वतःच फोन करून सगळं सांगितलं. मुलगा म्हणाला, माझी आजी रोज उठून विचारते बैलांना वैरण घातली का, आणि बैल विकून जमाना झाला. तेव्हा तिकडची काळजी मिटली.

आता कामाचं. तुमी लिहिलं होतंत, माझ्या रक्तात शाबूत हाय तेच तिच्यात कमी पडलं. मग किती बाटल्या चढवाव्या लागतील ते त्या मुलीला विचारून कळवा. माझं वय बघून डॉक्टर नाय म्हणतील, त्यांना मी बघून घेईन. मी आतापासून खजूर खातेय आणि सकाळी नाचणीची आंबील पितेय. ज्ञानेश्वरी बीट आणून देते, मातीसारखं लागतं, पण खाते. एका खेपेला पुरलं नाय तर दोन खेपा करीन. तिला बरी होऊ दे, मग तिला समोर बसवून मी पोटभर भांडणार हाय.

मैना

*

रत्नागिरी,
१९ जानेवारी २०२५

ती. मैनाताई,

हेच पत्र आधी एकदा लिहून, खिशात घालून मी भाट्याच्या पुलापर्यंत जाऊन आलो, पेटीत टाकवेना. न टाकलं तर तुम्ही येणार हे मला ठाऊक आहे. टाकलं तर याल की नाही, ते ठाऊक नाही.

पण तुम्ही बीट खाताय. म्हणून लिहिलंच पाहिजे.

ताई, तुमचं रक्त मालनला चढवायचं नाही. मी मोठं वाक्य लिहायला गेलो आणि तुम्ही त्याचा सरळ अर्थ घेतलात. चमचाभर रक्त एका नळीत भरून पुण्याला जाईल. दोघी बहिणींत फरक काय तो वेदिका शोधेल. सापडला तर त्याचा उपयोग आपल्याला माहीत नसलेल्या कुणाला तरी, कधीतरी होईल. मालन बरी होणार नाही. वेदिकाने हे मला पहिल्याच पत्रात लिहिलं होतं.

आणखी एक सांगतो, तेही लपवत नाही. ती आता तुमचं नाव घेत नाही. संक्रांतीपर्यंत "ताई आली का" विचारायची. तुमचा तीळगूळ तिने आवडीने खाल्ला आणि विचारलं, "कुणी दिला?" मी तुमचं नाव सांगितलं. ती म्हणाली, "चांगली माणसं दिसतात."

तुम्ही तिच्यासाठी रक्त द्यायला निघाला होतात, एवढ्यावर मी भरून पावलो. आता काय करायचं ते तुमच्या मनाने करा.

हरिश्चंद्र

*

पुणे,
६ फेब्रुवारी २०२५

हरिकाका,

तुमच्याकडून काही कळलं नाही, त्यावरून समजले. जानेवारीचे नमुने लावले. काकींचा नमुना एकटाच आहे, पण वाया गेलेला नाही, त्यातून पुष्कळ शिकायला मिळतंय. दुसरी तुकडी एप्रिलमध्ये आहे. मावशींना वाटलं तर बघू. न वाटलं तर त्यांना माझ्याकडून काही बोलू नका. मॉनिटरचा प्रयोग पहिल्यांदा बसला, दुसऱ्यांदा फसला. परत मांडते आहे. काकी कशा आहेत?

वेदिका

*

रत्नागिरी,
२३ फेब्रुवारी २०२५

प्रिय वेदिका,

काकी बऱ्या आहेत. शेजारच्या बागेत मोहोर दाटलाय, त्याच्या वासाने ती सकाळपासून खूश आहे. मला विचारलं, "तुम्ही कुणाकडचे?" मी म्हटलं, "तुमच्याकडचाच." ती म्हणाली, "मग आत या की, दारात का?" असं आमंत्रण लग्नाला इतकी वर्षं झालेल्या किती नवऱ्यांना रोज मिळतं?

देवरूखहून उत्तर नाही. महिना झाला. मी आता वाट बघत नाही, आणि खरं लिहिल्याचं वाईटही वाटत नाही. मैनाताईचा राग तर गेला. ती देवरूखला आणि ही इथे, पण मध्ये आता तेरावं उभं नाही. हे तुझ्या शास्त्राने केलं, बाळ. औषध निघेल तेव्हा निघो. तू आमच्या घरातली एक चुकीची ओळ सरळ करून दिलीस, त्याची परतफेड माझ्याच्याने व्हायची नाही. तुझा प्रयोग फसला तर मनाला लावून घेऊ नकोस. गुरुजी मिळाले नाहीत तर मॉनिटरला धर, तोही नसेल तर

फाटकाची कडी वाजली म्हणून वाक्य अर्धं राहिलं. आज रविवार, पोस्टमन यायचा नाही. उघडून बघतो तर मैनाताई. एकटी, हातात कापडी पिशवी, पायाला एसटी स्टँडपासूनची धूळ.

"रिक्षावाला भलतंच मागत होता. चालत आले," ती म्हणाली.

"पत्र मिळालं होतं ना?" मी विचारलं.

"मिळालं. औषध नाय ते कळलं. ज्ञानेश्वरीची सुपारी फुटेस्तोवर घर सोडता येईना, नायतर आधीच आले असते. त्या मुलीला सांगा, चमचाभर घे नायतर वाटीभर घे. एवढं बीट खाल्लंय ते काय फुकट घालवू?"

आतून मालन आली. ओले हात पदराला पुसत उंबऱ्यात थांबली आणि ताईकडे बघत राहिली. ते बघणं मी ओळखतो. त्याच्यामागून "तुम्ही कुणाकडचे" येतं. मी पुढे होऊन नाव सांगणार होतो, पण मैनाताईने हाताने मला थांबवलं.

मालनची नजर ताईच्या चेहऱ्यावरून तिच्या खांद्यापलीकडे गेली, उघड्या फाटकाकडे.

"एकटीच आलीस, ताई? भावोजींना सुट्टी नाय मिळाली?"

माझा हात दाराच्या चौकटीवर तसाच राहिला. पण मैनाताईने क्षणाचीही जागा सुटू दिली नाही. एकीचं मुसळ वर गेलं आणि दुसरीचं खाली आलं, तशी ती म्हणाली,

"नाय मिळाली गो. बोट लांब गेलीय."

मालनने मान हलवली. ताईच्या हातातली पिशवी घेतली आणि आत वळली.

"मग तू तरी बस," ती म्हणाली. "जेवण निवतंय."